सातनंतर काही खायचं नाही

तो कागद मी अजून फाडलेला नाही. ओट्याजवळ, चहाच्या डब्यामागे भिंतीला चिकटवून ठेवला आहे. रोज चहा ठेवताना दिसतो आणि रोज माझं डोकं तापतं. तापलेलं बरं. थंड डोक्याचा माणूस फार लवकर विसरतो, आणि ही गोष्ट मला विसरायची नाही.

कागद तसा साधा. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. कोपऱ्यात मुळात सफरचंदाचं चित्र असावं, या प्रतीत त्याचं वांगं झालं आहे. गोल शिक्का तिरका, अर्धा कागदाबाहेर गेलेला. मथळा ‘वजन कमी करण्यासाठी आहार’. सकाळी पाचला उठून कोमट पाणी प्यायचं. मग चाळीस मिनिटं मोकळ्या हवेत भरभर चालायचं. आठला ओट्स. अकराला एक सफरचंद. दुपारी सॅलड आणि एक फुलका. रात्रीचं जेवण सातच्या आत. त्याखाली ठळक अक्षरांत, दोनदा अधोरेखित करून: सातनंतर काही खायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी आठ तासांची शांत झोप.

आता मी काय करते ते सांगते. भद्रावतीच्या बाजूला कोळशाच्या उघड्या खाणीत मी डम्पर चालवते. खाली खड्ड्यात शॉव्हेल, म्हणजे उकरायचं मोठं यंत्र, माझ्या डम्परमध्ये कोळशावरची माती भरतं, मी ती वळणावळणाच्या चढाने वर नेते, ढिगाऱ्यावर ओतते आणि परत खाली जाते. रात्री दहा ते सकाळी सहा. तेव्हा पाचला उठायची मला गरजच नसते, कारण मी झोपलेलीच नसते. चालायचं म्हणाल तर आमच्या कॉलनीमागे एकच मोकळा रस्ता आहे आणि तिथे वनखात्याची पाटी आहे: वाघाचा वावर आहे, एकट्याने फिरू नये. कागद म्हणतो फिरा, पाटी म्हणते फिरू नका. वजन कमी करायचं म्हणून मी वाघाचं वजन वाढवू का?

वजन वाढलं होतं हे मात्र खरं. ते मी नाकारत नाही. डम्परच्या केबिनला लोखंडी शिडी असते, ती चढताना मला मध्ये थांबावं लागायचं. गुडघे कुरकुरायचे. दर काही वर्षांनी आम्हा ऑपरेटरांची वैद्यकीय तपासणी होते, त्या एप्रिलमध्ये माझी होती. रांगेत माझ्यापुढे आमच्याच पाळीतला एक ऑपरेटर होता. पोट असं की त्याला स्टिअरिंगमागे सीट पार मागे सरकवून घ्यावी लागते. कंपाउंडरने मान वर न करता विचारलं, “वजन?” तो म्हणाला, “सत्तर.” कंपाउंडरने सत्तर लिहिलं. मग माझा नंबर आला. “बाई, काट्यावर उभ्या राहा.” मी चप्पल काढून उभी राहिले. अठ्ठ्याहत्तर.

मी म्हटलं, त्यांना काऊन उभं नाही केलं? कंपाउंडर नुसता हसला. पुरुषाचं पोट म्हणजे खात्यापित्या घरचा, आणि बाईचं वजन म्हणजे केस पेपर. मला त्या हसण्याचा अजून राग आहे.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखरेचा रिपोर्ट पाहिला. दोन्ही अगदी काठावर होते. ते वाईट बोलले नाहीत. शांतपणे म्हणाले, “तीन महिन्यांनी परत या. सत्तरच्या खाली आणि बाकीचं नॉर्मल असलं तर डम्परसाठी फिट लिहीन. नाहीतर हलकं काम.” आणि ड्रॉवरमधून तो कागद काढून दिला.

हलकं काम. हे दोन शब्द डॉक्टरांना फार हलके वाटले असतील. मला ते काय आहेत ते माहीत होतं. माझे यजमान काविळीने गेले तेव्हा त्यांच्या जागी मला नोकरी लागली, आणि मी सात वर्षं ऑफिसात हलकंच काम केलं. फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या. चहा आणायचा, कप धुवायचे. “ए बाई, दोन कट.” मी बारावी झालेली, माझ्या हातात नेहमी ट्रे. डम्परच्या ट्रेनिंगसाठी मी तीन वेळा अर्ज केला. पहिले दोन अर्ज हरवले म्हणाले. तिसरा मी स्वतः साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. चार वर्षं झाली त्याला. त्या केबिनमध्ये मला कोणी ‘ए बाई’ म्हणत नाही. माझ्या एका हाताने शंभर टन माती उलटते. वय एक्केचाळीस, आणि मी परत कप विसळायला जायचं? पोट वाढलं म्हणून? मी ठरवलं, काहीही होवो, तो कागद अक्षरशः पाळायचा.

इथेच माझं चुकलं. पण त्याआधी आमच्या पंगतीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रात्री एकच्या सुमाराला अर्धा तास सुटी होते. खड्ड्याच्या वर एक पत्र्याची शेड आहे, तिथे सगळे ऑपरेटर जमिनीवर ताडपत्री टाकून गोल बसतात आणि डबे मध्ये उघडतात. आपलं आपण कोणी खात नाही. याची भाजी त्याच्या पोळीवर, त्याची चटणी याच्या भातावर. मी डम्परवर आले तेव्हा रात्रपाळीला आम्ही तीन बायका असायचो, पण दोघी लांब काटाघरात, ट्रकांचं वजन करायच्या कामावर. डम्परवर मी एकटी. पहिले दोन महिने मी माझ्या केबिनमध्येच बसून जेवले. मला कोणी खाली येऊ नको म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही. हे ‘काही न म्हणणं’ मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्या गावात लग्नाच्या जेवणात माझ्या बापाला कोणी उठवलं नव्हतं, फक्त त्याच्या बाजूला कोणी बसलं नव्हतं. आमचं घर बुद्धाचं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बाप शाळेत मास्तर. तरी पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी. अशा जागेत जाऊन बसायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

एका रात्री खालून हाक आली. आमच्यातले सगळ्यात वयस्कर ऑपरेटर, गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावचे, फोनवर बायकोशी गोंडीत बोलणारे. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. शिडीखाली उभे राहून ओरडले, “ओ बाई, वरी एकटीच काय खाऊन राह्यली? खाली उतर ना!”

मी उतरले. भाऊंनी माझा डबा माझ्या हातातून घेतला, ताडपत्रीवर सगळ्यांच्या मध्ये ठेवला आणि सगळ्यात आधी त्यात हात घातला. “अंबाडी होय काय? दे इकडं.” बाकीचे क्षणभर पाहत राहिले. मग एकाने घेतली, मग दुसऱ्याने. सत्तर किलोवाल्याने तर दोनदा घेतली. त्या रात्री माझा डबा रिकामा झाला आणि पोट मात्र पाच घरच्या जेवणाने भरलं. मी परत केबिनमध्ये चढले आणि काच लावून पोटभर रडले. आज सांगायला लाज वाटत नाही.

तर ही पंगत. आणि कागद म्हणाला, सातनंतर काही खायचं नाही.

एप्रिलच्या शेवटी मी सुरुवात केली. दिवसपाळीला त्या उन्हात केबिनचा एसी बंद पडला की आतमध्ये माणूस शिजतो, म्हणून मी उन्हाळाभर रात्रपाळीच मागून घेतली होती. चांगलंच झालं म्हटलं, वेळ तरी एकच राहील. संध्याकाळी सातच्या आत एक फुलका आणि काकडी. मग सकाळपर्यंत फक्त पाणी. ओट्स भद्रावतीच्या दुकानातून आणले, ते खाऊन पाहिले, आणि भिंतीला पोस्टर लावायच्या खळीला लोक एवढे पैसे का देतात ते मला कळलं नाही. तरी खाल्ले. रात्री एकला ताडपत्रीवर बसायचे, पण डबा नाही. कोणी भाजी पुढे केली की म्हणायचे, “नको, आज पोट बरोबर नाई.” दोन दिवस हे चालतं. मग मी ताडपत्रीवर यायचंच बंद केलं. वास सहन होत नव्हता हे खरं कारण. मी परत केबिनमध्ये बसायला लागले, काच लावून, पाण्याची बाटली घेऊन.

घरी वेगळीच लढाई. सकाळी सातला मी घरी पोचायचे तेव्हा सासू ताट वाढून तयार. आमच्या घरात ती आणि मी दोघीच, मुलगी नागपूरला शिकते. सासू पोंभुर्ण्याकडची, उभा जन्म धानाच्या बांधीत, चिखलात राबण्यात गेलेला. तिच्या मनात एक नियम पक्का: माणूस कामावरून आला की आधी जेवेल. मी आंघोळ करून पडले की बाराला परत उठवायची.

“काऊन वो, उपाशीच झोपतेस काय? ऊठ, दोन घास खाऊन घे, मंग झोप.”

“सकाळी खाल्लं ना, आई.”

“ते रातचं जेवन झालं. आता दुपारचं नाई करत काय?”

संध्याकाळी परत, कारण उपाशी पोटी कोणाला ड्युटीवर पाठवायचं नसतं. आणि या सगळ्याच्या वर मध्यरात्रीचा डबा. तो तर तिच्या हिशेबात जेवण नव्हताच. “ड्युटीवरचं ते काय खानं होय?” आता सांगायला सोपं आहे, पण मला स्वतःला हे त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा दिसलं. चार वर्षं मी दोन माणसांचं जेवत होते. एक बाई दिवसा जगणारी, सासूच्या घरातली, तिची तीन जेवणं. दुसरी रात्री जगणारी, तिचा डबा, तिची दोनची भजी, चारचा गोड चहा. शरीर मात्र एकच. कोणीही रात्रपाळीवाला पाहा, त्याच्या घरी हेच चालतं. आई नाहीतर बायको दिवसाची जेवणं सोडू देत नाही, आणि तो रात्रीची सोडत नाही. सगळे प्रेमापोटी. आणि मग कंपाउंडर विचारतो, वजन?

पण हे दिसलं ते नंतर. त्या वेळी मी फक्त नको नको म्हणत राहिले. सासूने रागावून माझ्याशी बोलणं सोडलं. दुपारी झोप तर कागदावरच. बाहेर सेहेचाळीस डिग्री, कूलर गरम वारा फेकतो, लाइट जाते, आणि अडीच-तीनला खाणीत ब्लास्टिंग झालं की मांडणीवरचे पेले वाजतात. आठ तासांची शांत झोप म्हणे. ज्याने ती ओळ लिहिली त्याला एक मे महिना आमच्या कॉलनीत झोपवायला पाहिजे. मी चार तास झोपले की नशीब समजायचे. तीन आठवड्यांत तीन किलो उतरले आणि मी काट्यावर उभी राहून स्वतःवर खूश झाले.

एका रात्री सुटी संपायच्या आधी भाऊ माझ्या शिडीखाली आले. या वेळी ओरडले नाहीत. मी काच खाली केली. ते खालूनच म्हणाले, “बाई, माहं काई चुकलं काय?”

“काऊन भाऊ?”

“तीन हप्ते झाले. माह्या डब्याले हात नाई लावत तू. पोरं बी म्हनतात, बाई आता आपल्यात बसत नाई.”

ज्या माणसाने माझ्या डब्यात पहिला हात घातला, तो आता मला विचारत होता की त्याच्या डब्यात मी हात का घालत नाही. मला माझीच लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला, त्या कागदाचा. मी म्हटलं, “डॉक्टरांनी मना केलं आहे भाऊ, वजनासाठी.” ते मान हलवून गेले. त्यांना पटलं नव्हतं. आमच्याकडे कोणी पंगतीतून उठतो तेव्हा कारण पोटाचं सांगतो, आणि ते कधीच पोटाचं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्यानंतर दोन-तीन रात्रींतच ते झालं. पहाटे चारची वेळ. भरलेला डम्पर घेऊन मी ढिगाऱ्यावर चढत होते. आधी हात गार पडले. मग घाम फुटला, एसी नसताना नव्हे, एसी चालू असताना. पुढचे दिवे दोनाचे चार दिसायला लागले. मला वाटलं झोप येत आहे, मी तोंडावर पाणी मारलं. ढिगाऱ्याच्या कडेला मातीचा उंच बांध घातलेला असतो, डम्पर खाली जाऊ नये म्हणून. मागून कर्कश भोंगा वाजला तेव्हा मी डोळे उघडले. डोळे मिटले होते हे मला तेव्हा कळलं. माझं पुढचं चाक त्या बांधावर चढलेलं होतं आणि काचेतून पलीकडे काहीच दिसत नव्हतं, नुसता अंधार. पाय आपोआप ब्रेकवर गेला. बांध होता म्हणून मी आहे.

भोंगा भाऊंचा होता. त्यांचा डम्पर माझ्यामागे होता. ते त्या वयात धावत आले, शिडी चढून वर आले, दार उघडलं, आणि माझा चेहरा पाहून काही न विचारता परत खाली गेले. आले ते डबा घेऊन. एक उरलेली पोळी आणि गुळाचा खडा. “खाय.” मी म्हटलं, “सातनंतर...” ते असे ओरडले की मी चार वर्षांत त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. “खाय म्हनतो ना!”

मी खाल्लं. थोड्या वेळाने दिवे परत दोन झाले. मग मी खिशातला कागद काढून त्यांना दाखवला. त्यांनी तो हेडलॅम्पच्या उजेडात हळूहळू वाचला. “हे लिवनाऱ्यानं रातच्याले कधी डम्पर चालवला काय?” म्हणाले. मग दुसरं वाक्य: “मले सांगाचं ना बाई. मी तं समजलो का...” पुढचं ते बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही. पंगतीतल्या रिकाम्या जागेचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता.

त्यांनी वर कळवलं नाही आणि मीही नाही. कळवायला हवं होतं. नियम तसा आहे आणि नियम बरोबर आहे. पण कळवलं असतं तर दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात ट्रे आला असता. कागद कोणी दिला, काय दिला, हे कोणी विचारलं नसतं. बाईने चक्कर येऊन डम्पर बांधावर चढवला, एवढंच लिहिलं गेलं असतं. मी गप्प बसले याचा मला अभिमान नाही. पण मला गप्प बसायला लावलं याचा राग त्याहून मोठा आहे.

घरी आल्यावर मी सासूला सगळं सांगितलं, चार वर्षांच्या रात्रीच्या डब्या-भज्यांसकट. ती आधी छाती पिटून घेईल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग मीच तुले दोन मानसांचं जेवाले घालत होती.”

“रातचं तू मोजतच नव्हतीस ना, आई.”

“आता मोजतो. सांग, कवा काय खातेस?”

बाई शाळेत गेलेली नाही, पण त्या दिवशी तिने बोटावर माझा चोवीस तासांचा हिशेब लावला तसा कोणत्या डॉक्टरने लावला नव्हता. मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. झोपून उठले की दुपारी तीनला खरं जेवण, पोटभर: भात थोडा, वरण, भाजी जास्त. ड्युटीवर जाताना उसळ एक वाटी, पोळी नाही. रात्री एकला पंगत, पण माझा घास एका ज्वारीच्या भाकरीचा, आणि भाजी सगळ्यांची. दोनची भजी बंद, चारचा चहा बिनसाखरेचा. आणि सकाळी घरी आल्यावर ताट नाही.

“मंग काय उपाशी झोपशीन?” हा नियम तिला मोडवत नव्हता. मग तीच म्हणाली, “आंबील देतो. आमी रोवन्याले जावो तं सकायी आंबील पिऊन जावो. गडवाभर आंबील अन् एक कांदा. दुपारपर्यंत भूक नाई लागे. कोनाचं पोट सुटलं होतं आमच्यात?”

रोवणा म्हणजे धानाची लावणी, दिवसभर चिखलात वाकून करायची. त्या बायकांचं पेय आंबील, ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून शिजवलेलं, पातळ, ताक घालून. मी ते आजारी माणसाचं खाणं समजत होते. आता रोज सकाळी एक वाटी आंबील, मग खिडकीला काळी चादर, आणि बाराला मला कोणी उठवायचं नाही. शेजारीण बचतगटाच्या बैठकीला बोलवायला आली तर सासू दारातूनच परत पाठवायची: “तिची रात हाय आता.” भर दुपारी, बारा वाजता, उन्हात उभी राहून. ते ऐकून मला अंथरुणात हसू यायचं.

ताडपत्रीवर मी परत बसले. भाऊंनी फक्त डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. पाऊस लागला तसा त्यांच्या डब्यात तरोट्याची रानभाजी यायला लागली, मग वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. सत्तर किलोवाल्याने एक दिवस दोनची भजी आणलीच नाहीत. मला वाटलं कॅन्टीन बंद असेल. कॅन्टीन चालू होतं.

जुलैमध्ये मी परत त्या काट्यावर उभी राहिले. साडेएकोणसत्तर. रक्तदाब ठीक, साखर ठीक. डॉक्टर खूश झाले. फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं आणि म्हणाले, “पाहा, मनावर घेतलं की होतं. कागद पाळलात ना?”

हो म्हणायचं आणि फॉर्म घेऊन निघायचं, एवढंच काम होतं. माझं स्टिअरिंग त्या पेनाच्या टोकावर होतं. पण ते ‘मनावर घेतलं की’ माझ्या डोक्यात गेलं. जसं काही अठ्ठ्याहत्तर किलोची असताना मला मनच नव्हतं.

“पाळला सर,” मी म्हटलं. “तीन हप्ते पाळला. पाळला म्हणून मी मेली असती.” आणि सगळं सांगितलं. गार हात, चार दिवे, बांधावरचं चाक. पेन हवेतच राहिलं. मग खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे उलटा ठेवला. “हे मी पाळलं. रात्रपाळीवाल्यांना हे द्या. तो नका देऊ.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही हे मला सांगितलं नाही. मी ऐकलं असं धरलं तर मला अनफिट लिहावं लागेल.” आणि फिट लिहून सही केली.

“आणि कागद?”

“तो वरून येतो. मी बदलू शकत नाही.” माझा कागद त्यांनी उचलला. “पण छान लिहिलंय. ठेवतो.” ड्रॉवर उघडला, त्यात टाकला, बंद केला.

मला पाहिजे होतं ते मला मिळालं होतं. मी फॉर्म घेऊन बाहेर आले आणि मला आनंद झाला नाही. त्या माणसाने मला वाचवलं की स्वतःच्या कागदाला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दिवाळीनंतर भाऊ रिटायर झाले, गावी गेले. थंडीत आमच्या पाळीला एक नवी बाई आली, डम्परवर. तिचाही नवरा गेलेला, तिनेही काही वर्षं ऑफिसात कप विसळलेले. चार रात्री झाल्या, ती एकला खाली येईना. केबिनमध्ये काच लावून बसलेली. मी ताडपत्रीवर सगळ्यांवर भडकले. “तिला कोणी बोलावलं काय? भाऊ रिटायर झाले तर हाकही रिटायर झाली काय?” सत्तर किलोवाला म्हणाला, “बोलावलं ना बाई, रोज बोलावतो. नाई येत.”

मी उठले. तिच्या शिडीखाली जाऊन उभी राहिले आणि ओरडले, “ओ बाई, वरी एकटीच काय करून राह्यली? खाली उतर ना!”

काच खाली झाली. “मी सातनंतर काई खात नाई, ताई. मले तीन महिन्यांची मुदत हाय.” तिने जॅकेटच्या खिशातून घडी केलेला कागद काढून वरून खाली धरला. वांग्यासारखं सफरचंद. तिरका शिक्का, अर्धा बाहेर. दोनदा अधोरेखित ओळ. मी शिडी चढले आणि कागद तिच्या हातातून घेतला.

मी तिला खाली उतरवलं. ताडपत्रीवर बसवलं, माझी अर्धी भाकरी तिच्या हातात दिली आणि ती खाईपर्यंत उठले नाही. कागद मात्र तिला परत दिला नाही. भिंतीवर आहे तो तिचा. माझा डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये पडला आहे, आणि मला खात्री आहे, छापलेली बाजू वर आणि मी लिहिलेली खाली.